तुम्ही यांच्या कोण लागता?

आमच्या मजल्यावर समोरच्या घरात दोघीजणी राहतात. एक शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळी सोसायटी त्यांना बाई म्हणते. दुसऱ्या बँकेतून निवृत्त झाल्या, त्या ताई. सव्वीस वर्षं एका घरात काढली आहेत. मध्यंतरी पावसाळ्यात बाई जिन्यावरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. संमतीपत्रावर सही करायला ताई पुढे झाल्या तेव्हा खिडकीमागच्या मुलाने कीबोर्डवरून नजर न काढता विचारलं, "तुम्ही यांच्या कोण लागता?" ताई म्हणाल्या, "मावसबहीण." उत्तर तयारच होतं. भाडेकराराच्या वेळी, गॅसजोडणीच्या वेळी, सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर ते आधीही देऊन झालं होतं.

मराठीत नातं 'लागतं'. तो माझा मामा लागतो, ती माझी चुलत वहिनी लागते. आणि लग्नही लागतं. लग्न आणि लागणे, दोन्हींच्या मुळाशी 'लग्' हा एकच धातू आहे: चिकटणे, जोडले जाणे. कोण कोणाला जोडलं जावं, हे त्या शब्दात कुठेच नाही. विवाह हा शब्द मात्र निराळ्या घरचा. त्यात 'वह्' आहे, वाहून नेणं आहे. म्हणजे एक नेणारा आला आणि एक नेली जाणारी आली. मुलगी 'देतात', मुलगी 'उजवतात', दान म्हणून सोडतात, त्याला कन्यादान म्हणतात. समलिंगी जोडप्यांच्या लग्नावरून गेली काही वर्षं जो वाद चालला आहे, तो मला या दोन शब्दांमधला वाद वाटतो. लग्न म्हणजे दोघांचं जोडलं जाणं असेल तर बाई आणि ताई यांच्याबाबत विचारण्यासारखं फारसं काही उरत नाही. विवाह म्हणजे एकाने दुसरीला घरी नेणं असेल, तर दोन बायकांपैकी नेणारी कोण, हा प्रश्न पडणारच.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सुप्रियो खटल्याचा निकाल दिला. विवाह करणं हा मूलभूत हक्क नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातल्या शब्दांचा अर्थ ताणून त्यात समलिंगी जोडपी बसवता येणार नाहीत, यावर पाचही जणांचं एकमत होतं. फाटा पुढे फुटला. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला राज्याने काहीतरी कायदेशीर मान्यता द्यायला हवी, असं सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल यांचं मत पडलं. न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंहा यांना तसं वाटलं नाही, तेच बहुमत. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

बहुमताच्या निकालाचा एक खांब असा: विवाहसंस्था राज्यसंस्थेच्या आधीची आहे. ती समाजाने घडवली, कायदा मागाहून आला, म्हणून न्यायालयाने नवी विवाहसंस्था घडवायला जाऊ नये. सरकारचं म्हणणं त्याहून ठाशीव होतं. पती, पत्नी आणि मुलं हीच भारतीय कुटुंबाची कल्पना, असं त्याने प्रतिज्ञापत्रात म्हटलं होतं. म्हणजे खटला आजचा, पण दाखला मागितला तो आरंभाचा. तेव्हा आरंभाकडे जाणं भाग आहे.

आपल्याकडे विवाहाच्या आरंभाची एक कथा आहे आणि ती महाभारताच्या आदिपर्वात आहे. पूर्वी स्त्रिया मोकळ्या होत्या, मनाला येईल त्याच्याबरोबर जात, आणि त्यात कोणाला अधर्म वाटत नसे. एकदा उद्दालक ऋषींच्या देखत एका ब्राह्मणाने त्यांच्या पत्नीचा हात धरला आणि तिला चल म्हटलं. मुलगा श्वेतकेतू खवळला. बाप शांत होता. रागावू नकोस, हा सनातन धर्म आहे, असं त्याने मुलाला समजावलं. मुलाला ते पटलं नाही आणि त्याने मर्यादा घातली: यापुढे नवऱ्याला सोडून जाणारी स्त्री पापी, निष्ठावान बायकोला सोडून जाणारा पुरुषही पापी, आणि नवऱ्याने अपत्यासाठी सांगितलेलं न ऐकणारी स्त्रीही पापी.

सनातन हा शब्द इथे कशासाठी आला आहे ते पाहावं. विवाहासाठी नाही, विवाह नसण्यासाठी. या कथेत विवाह हा एका तरुणाने रागाच्या भरात केलेला नियम आहे, बापाच्या सल्ल्याविरुद्ध केलेला. आणि त्याहून मजेची गोष्ट म्हणजे ही कथा कोण कोणाला, कशासाठी सांगतो. सांगतो पांडू, कुंतीला. शापामुळे त्याला स्वतःला मुलं होणार नाहीत. कुंतीने दुसऱ्याकडून पुत्र मिळवावेत म्हणून तो तिचं मन वळवतो आहे. श्वेतकेतूच्या नियमातलं तिसरं कलम त्याला कामाचं आहे. म्हणजे विवाहाच्या उगमाची आपली ही गोष्ट सांगितली गेली तीच मुळी नियमात आपल्यापुरती वाट काढायला. उगमाच्या गोष्टी नेहमी अशाच वकिलीसाठी सांगितल्या जातात, असा मला दाट संशय आहे. (श्वेतकेतूच्या आईला काय वाटलं, हे मात्र कथेत कोणी विचारत नाही.)

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी याच प्रकारच्या सामग्रीवरून 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' लिहायला घेतला. १९२६ च्या अखेरीस ते गेले आणि काम अपुरं राहिलं. महाभारत, हरिवंश, यज्ञातले विधी यांत सापडणाऱ्या जुन्या चालींच्या खुणा त्यांनी न लाजता मांडल्या, आणि एकपतिपत्नीविवाह ही अनेक अवस्थांतून गेल्यावर आलेली गोष्ट आहे असं दाखवलं. तिकडे युरोपात मॉर्गनने १८७७ मध्ये आणि एंगेल्सने १८८४ मध्ये साधारण अशाच पायऱ्या कल्पिल्या होत्या. पुढच्या मानववंशशास्त्राने त्या पायऱ्या बऱ्याचशा मोडून काढल्या. राजवाड्यांचेही सगळे निष्कर्ष आज कोणी जसेच्या तसे घेणार नाही. पण त्यांचं धाडस शिल्लक राहतं. पूर्वजांच्या लग्नांकडे इतिहास म्हणून पाहता येतं, आणि तसं पाहिल्याने आकाश कोसळत नाही, हे या धर्माभिमानी माणसाने मराठीत दाखवून दिलं.

आणि पूर्वजांपर्यंत जायचीही गरज नाही. दोन बायका मेल्यावर तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या तिजवराचं लग्न आधी रुईच्या झाडाशी लावायचे. अर्कविवाह म्हणतात त्याला. तिसरेपणाचा दोष झाडाने घ्यायचा, मग नवरी चौथी ठरायची. पत्रिकेत वैधव्ययोग असलेल्या मुलीचं लग्न आधी कुंभाशी लागायचं. मोठ्या मराठा घराण्यांत नवरदेव स्वतः न जाता तलवार पाठवायचा आणि मुलगी खांड्याला माळ घालायची. जेजुरीला मुरळीचं लग्न खंडोबाशी लागायचं, आणि त्यातून तिच्या वाट्याला काय यायचं ते सर्वांना ठाऊक आहे. कार्तिकात आपण तुळशीचं लावतो ते तर हौसेनं, मंगलाष्टकं म्हणून, ऊस आणि आवळे-चिंचा ठेवून. झाड, मडकं, तलवार, देव, यांच्यापैकी कोणाशीही लग्न लागू शकतं हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मान्य केलं, त्याला दोन बायकांचं लग्न 'कल्पनेतच बसत नाही' असं म्हणताना थोडं तरी अडखळायला हवं.

यावर एक रास्त आक्षेप येईल. हे विधी अपवादाचे, उतारे म्हणून केलेले. खरं लग्न शेवटी बाईपुरुषाचंच. मान्य. म्हणून मी अर्कविवाहाचा पुरावा समलिंगी विवाहाच्या खिशात घालत नाही. दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांत मूल न होणारी बाई गुरं देऊन दुसऱ्या बाईशी लग्न करते आणि त्या बायकोच्या मुलांची 'बाप' होते, हे इव्हान्स-प्रिचर्डने नोंदवून ठेवलं आहे. तेही प्रेमाचं उदाहरण नव्हे, वंशाचं आणि मालमत्तेचं आहे. माझा मुद्दा एवढाच की लग्न म्हणजे काय, हे ठरवताना समाजाने निसर्गाला क्वचितच विचारलं. आपल्या गरजेला विचारलं.

आमच्याच घरातलं उदाहरण घ्या. माझ्या आजोबांनी मामाची मुलगी केली होती. महाराष्ट्रात आणि खाली दक्षिणेत यात कोणाला काही वाटत नाही, उलट मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानतात. हेच लग्न उत्तर भारतात सांगितलं तर लोक कानावर हात ठेवतील. तिकडे ती बहीण. इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांवरून भारताचे प्रदेश आखले त्यात हा फरक ठळक आहे, आणि त्याही आधी बौधायन धर्मसूत्राने ही दक्षिणेची चाल म्हणून नोंदवून ठेवली आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा करताना काय केलं? निषिद्ध नात्यांची यादी दिली आणि पुढे 'रूढी असेल तर चालेल' अशी फट ठेवली. एकाच देशात, एकाच धर्मात, एकाच कायद्याखाली जे एका गावी पाप तेच दुसऱ्या गावी पुण्य, आणि संसदेला त्यात अडचण वाटली नाही. भारतीय विवाहाची एकच कल्पना आहे असं कोणी म्हणालं की मला आजीआजोबा आठवतात.

आता सर्वांत महत्त्वाचं प्रकरण, आणि ते मुंबईचं आहे.

रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी झालं. ती त्याच्याकडे नांदायला कधी गेलीच नाही. १८८४ मध्ये दादाजीने बायकोवरचा हक्क मागत मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला: न नांदलेल्या बाईला जबरीने नवऱ्याच्या घरी पाठवायला हिंदू शास्त्रात आधार दिसत नाही. सनातनी पुणे पेटलं. केसरी आणि मराठा तुटून पडले: परक्या न्यायाधीशाने आमच्या धर्मात ढवळाढवळ केली. अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी फर्मावलं की रखमाबाईने नवऱ्याकडे जावं, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. पुढच्या वर्षी दादाजीने दोन हजार रुपये घेऊन प्रकरण मिटवलं. रखमाबाई लंडनला गेली, डॉक्टर झाली, सुरत आणि राजकोटला तिने आयुष्यभर रुग्ण तपासले.

या खटल्यातली गंमत क्रूर आहे. बायकोला कोर्टाच्या हुकमाने नांदायला धाडण्याचा उपाय मनूचा नव्हता, याज्ञवल्क्याचा नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला होता. धर्मरक्षणाच्या नावाखाली पुण्याने जे डोक्यावर घेतलं ते बिशपांच्या कचेरीतलं कलम होतं. इंग्लंडने तो उपाय १९७० मध्ये रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो अजून बसून आहे. भारतीय दंडविधानाचं कलम ३७७ याच घाटाचं. १८६० मध्ये इंग्रजांनी लिहिलं, निसर्गक्रमाविरुद्धचा संभोग असे शब्द घालून, आणि दीडशे वर्षांनी ते जाऊ लागलं तेव्हा ते आपल्या संस्कृतीचं कुंपण आहे असं सांगणारे आपलेच लोक होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते मोडलं. परदेशी खूळ म्हणून ज्याला हिणवलं जातं ते इथलंच, आणि इथलं म्हणून ज्याचा कैवार घेतला जातो ते बोटीतून उतरलेलं.

रखमाबाईच्या आधी ओतूर-जुन्नर-पुणे भागात आणखी एक भांडण सुरू झालं होतं. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, भटजीवाचून. जोतीराव फुल्यांनी पुढे रचलेल्या मंगलाष्टकांत वधू वराला स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोल लावते आणि वर ते हक्क देण्याची शपथ घेतो. मुलगी 'दिली' जात नाही, ती अटी घालते. पुरोहित दक्षिणेचा हक्क सांगत कोर्टाची पायरी चढले. त्यांच्या लेखी ते लग्नच नव्हतं. 'हे लग्नच नव्हे' हे वाक्य महाराष्ट्राने त्यानंतर किती वेळा ऐकलं! विधवेने पाट लावला तर चालेल पण पुनर्विवाह नको; १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी केला तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने वाळीत टाकलं. जातीबाहेर लग्न करायचं तर १८७२ च्या कायद्याखाली दोघांनी आधी आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, कोणीच नाही असं लिहून द्यायचं. १९४६ मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंना दुसरी बायको करायची बंदी केली, तर पुत्रावाचून मोक्ष नाही आणि पुत्रासाठी दुसरी बायको लागते असा धर्माचा मुद्दा कोर्टात मांडला गेला. न्या. छगला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात तो ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला. त्याच वर्षी हिंदू कोड बिल रखडल्यावर डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं.

यातल्या प्रत्येक वेळी संस्था बुडेल असं सांगितलं गेलं, आणि प्रत्येक वेळी बस्ता बांधायला लोक तितक्याच उत्साहाने बाहेर पडले.

'सनातन्यांचा' विरोध मी वर मांडला, पण मला जास्त अस्वस्थ करतो तो दुसरा विरोध. लग्न ही बायकांना बांधणारी दावण आहे, असं स्त्रीवादी मैत्रिणी गेली पन्नास वर्षं सांगत आल्या. मग समलिंगी माणसांनी त्याच दावणीसाठी रांग का लावायची? ज्यांना लग्नच नको, मित्रमैत्रिणींच्या घराला घर म्हणायचंय, त्यांना काय? या प्रश्नाला माझ्याकडे गोंडस उत्तर नाही. एवढंच म्हणेन की दावण नाकारायलाही ती आधी आपल्यासाठी असावी लागते. रखमाबाई 'नाही' म्हणू शकली ती तिला बायको मानलं गेलं होतं म्हणून. ताईंना नाही म्हणायची संधीच नाही.

कायद्यातली अडचण खोटी नाही, हेही कबूल करायला हवं. आपले विवाहाचे कायदे नवरा आणि बायको असे दोन वेगळे प्राणी गृहीत धरून लिहिलेले आहेत. नवरीला अठरा, नवऱ्याला एकवीस. पोटगी, हुंडाबंदी, कौटुंबिक हिंसा, वारसा, दत्तक, सगळीकडे लिंग लिहिलेलं. न्यायालयाने एक शब्द बदलला तर बाकीची शिवण उसवेल, हे काम संसदेचं, असं बहुमत म्हणतं तेव्हा ते सबब सांगत नसतं. पण ही शिवण तशी का घातली गेली? नवरा पोसणारा आणि बायको पोसली जाणारी, असा संसार होता म्हणून. तो संसार बदलतो आहे. अडचण समलिंगी जोडप्यांनी आणलेली नाही, ती आधीपासून होती, त्यांच्यामुळे दिसली.

आणि संसदेकडे बोट दाखवायचं तर संसदेच्या दारात कोण उभं राहणार, हाही प्रश्न आहे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत, त्यात समसंभोगाबद्दलचेही प्रश्न होते. १९३४ मध्ये त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. खटला हरले. पण समाजाने ज्याविषयी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं, त्यासाठी ते कोर्टात उभे राहिले. आज कोणत्या पक्षाचा खासदार या विषयावर मराठीत सभा घेईल? १९८८ च्या सुरुवातीला भोपाळच्या दोन महिला पोलीस शिपायांनी लग्न केल्याची बातमी फुटली आणि दोघींची नोकरी गेली. 'शहरी उच्चभ्रूंचं खूळ' म्हणून सरकारने न्यायालयात या मागणीची वासलात लावली होती. त्या दोघी शिपाई होत्या.

निकालानंतर सरकारने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यामुळे २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काही सूचना निघाल्या: समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँकखातं काढता येईल, एकमेकांना खात्यावर नॉमिनी नेमता येईल, शिधापत्रिकेसाठी ते एकाच घरातले मानले जातील. कायदा नाही, पण कागद आहे. मी ती बातमी कापून समोरच्या घरी नेली. बाई काठी टेकत चालायला लागल्या होत्या. बँकेचं ताई बघणार होत्या, ते त्यांच्या हातचंच. शिधापत्रिकेसाठी मीच त्यांच्याबरोबर गेलो.

अर्ज भरताना कुटुंबप्रमुख म्हणून बाईंचं नाव लिहिलं. पुढच्या ओळीत ताईंचं. शेवटच्या रकान्यात कुटुंबप्रमुखाशी नातं विचारलं होतं. ताईंनी पेन उचललं आणि खिडकीतल्या कारकून बाईंना विचारलं, की इथे काय लिहू. मी कात्रण पुढे केलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, कात्रण परत दिलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "बहीण लिहा ना मावशी, लवकर होईल."